मृग ते हस्त : रोज एक पावसाळी फोटो (२०२५)

पागोळी | ८ जून २०२५, रात्री ९:४०

आज मृग लागला. गेल्या वर्षी याच दिवशी ठरवलं होतं की हस्त संपेपर्यंत रोज पावसाचा एक फोटो काढायचा. नऊ नक्षत्रं, एकेक साधारण तेरा-चौदा दिवसांचं, म्हणजे सव्वाशे दिवस. त्याआधी वर्षभराचे ३६५ फोटो काढायचा संकल्प मी दोनदा केला होता, आणि दोन्ही वेळा फेब्रुवारीतच सुटला. नक्षत्रांची मोजणी मात्र मला मानवली. तेरा दिवस झाले की नवं नाव आणि नवा पाऊस. आमची आजी पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणायची आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. लहानपणी ते नुसतं ऐकलं होतं. गेल्या वर्षी जुलैचे फोटो ओळीने लावून पाहिले तेव्हा तिचं म्हणणं डोळ्यांना दिसलं. तरण्याच्या फोटोंत पाणी उसळतंय, ओढ्यांचा रंग लाल आहे. म्हाताऱ्याच्या फोटोंत सगळं शांत, एकसारखं भिजलेलं, आणि भाताची खाचरं काठोकाठ.

मी औषध कंपनीची प्रतिनिधी आहे, मुक्काम कोल्हापूर. मंगळवारी गगनबावडा, गुरुवारी मलकापूर आणि आंबा, महिन्यातून एकदा सिंधुदुर्ग. बराचसा प्रवास एसटीने होतो. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. म्हणजे दीड-दोन तासांत बस पाचपट पावसात जाऊन पोचते. कळ्यापर्यंत खिडकी उघडी असते, साळवणला ती ओढून घ्यावी लागते आणि पुढे काचेतून समोरचं झाडही नीट दिसत नाही. हे रोज पाहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. मलाही सात वर्षं वाटलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यातले माझे सगळे फोटो म्हणजे करडे चौकोन होते. पाऊस धो-धो कोसळत होता आणि फोटोत त्याचा पत्ता नव्हता. नवव्या दिवशी कळ्याच्या स्टँडवर एक आजी खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. खोळीच्या टोकावरून पाणी गळत होतं, मागे पानाच्या टपरीचा अंधार होता. त्यांना विचारून फोटो काढला. त्या फोटोत पहिल्यांदा पाऊस आला. तेव्हापासून मी बाहेर पडले की पाऊस कशावर पडतोय ते शोधते: पत्रा, छत्री, म्हशीची पाठ, केळीचं पान, डबक्यातलं आभाळ.

माझे नियम साधे आहेत. रोज एक फोटो. तो त्याच रात्री निवडायचा, उद्यावर ढकलायचा नाही. त्याच्याखाली एक ओळ लिहायची: गाव, वेळ, नक्षत्र आणि पाऊस कसा होता (भुरभूर, सर, झड, मुसळधार). पाऊस पडलाच नाही तर कोरड्या दिवसाचाही फोटो काढायचा, कारण आर्द्रा कोरडी गेली हीसुद्धा नोंद आहे. आणि प्रवास नसेल त्या दिवसासाठी घराजवळची एक जागा ठरवून ठेवायची. माझी जागा म्हणजे गल्लीच्या टोकाचं चिंचेचं झाड.

गेल्या वर्षी सव्वाशेपैकी ११२ दिवस झाले. यंदा सोबत हवी आहे. कोण कोण येतंय?

आजचा फोटो: चिंचेखाली उभी केलेली सायकल, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. भुरभूर, संध्याकाळी ६.

बावनदी | ८ जून, रात्री १०:१५

मी आहे. आमच्याकडे देवरुखात यंदा मृगाची वाट कोणी पाहिलीच नाही. मे संपायच्या आत पाऊस हजर. मुंबईत तर २६ मेलाच मान्सून दाखल झाला. भाताचा पेरा करावा की थांबावं या विचारात लोक होते. म्हणजे नक्षत्र आणि पाऊस यंदा जुळतील असं नाही, पण म्हणूनच नोंद ठेवायला मजा येईल.

फोटो: अंगणात उलटी घालून ठेवलेली घमेली, त्यांच्यावर आपटणारे थेंब.

शेवाळ | ९ जून, सकाळी ७:५०

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे आणि पावसात तो माझं अजिबात ऐकत नाही. स्क्रीनवर चार थेंब पडले की बोट कुठे लावलं आणि उघडलं काय अशी गत होते. काल असेच तीन चांगले क्षण गेले. काही उपाय आहे का?

पागोळी | ९ जून, दुपारी १:२०

शेवाळ, आवाज कमी-जास्त करायचं बटण दाबून फोटो काढायचा. बहुतेक फोनमध्ये कॅमेरा उघडा असताना ते शटरचं काम करतं. पाण्याचे थेंब स्क्रीनला बोटासारखेच वाटतात, त्यामुळे ती गोंधळते, बटण गोंधळत नाही. कॅमेरा उघडायलाही पॉवरचं बटण दोनदा दाबायची सोय अनेक फोनांत असते, सेटिंगमध्ये बघा. भिंगावरचा थेंब पुसायला खिशात जुन्या सुती धोतराचा तुकडा ठेवते मी. तो कोरडा राहावा म्हणून छोट्या पिशवीत. गळ्यातल्या ओढणीने पुसलं की तेलकट पट्टा राहतो आणि सगळा फोटो धुरकट येतो.

आणि एक, फोन भिजला असेल तर लगेच चार्जिंगला लावू नका. चार्जिंगचं तोंड खाली करून तो वाऱ्यावर ठेवा, पूर्ण सुकू द्या. फोन पाण्यात टिकतो असं जाहिरातीत असलं तरी पाणी आत गेल्यावर वॉरंटीत ते बहुधा बसत नाही.

डोंगरवाट | १० जून, रात्री ११:०५

मस्त धागा. वीस वर्षं सह्याद्रीत पावसाळ्यात भटकतोय, कॅमेरा सोबत असतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पागोळीताई म्हणतात तो करडा चौकोन सगळ्यांनाच भेटतो. पावसाची धार दिसायला दोन गोष्टी लागतात, मागे काळोख आणि थेंबाच्या मागून येणारा प्रकाश. पांढऱ्या आभाळासमोर पांढरी धार दिसणार कशी? उघडं दार, गर्द झाडी, भिजून काळा पडलेला कडा अशी पार्श्वभूमी घ्या. शटर (उजेड आत येऊ द्यायचा वेळ) १/६० ते १/१२५ सेकंद ठेवलं तर धारेच्या रेघा येतात. १/५०० च्या पुढे गेलात तर थेंब जागच्या जागी थांबतात आणि मुसळधार पाऊससुद्धा धुळीच्या ठिपक्यांसारखा दिसतो. मोबाईलच्या प्रो मोडमध्येही हे करता येतं.

धुक्यात कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो. समोर सगळं पांढरं दिसलं की तो उजेड जास्त आहे असं समजून फोटो काळवंडवतो. नाणेघाटात किंवा हरिश्चंद्रगडावर काढलेले धुक्याचे फोटो मळक्या चादरीसारखे येतात ते यामुळे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) +०.७ ते +१ करा, धुकं पांढरं येईल. धुक्यात ऑटोफोकस पुढे-मागे भटकत राहतो. त्याला एखादी ठसठशीत कड द्या, झाडाचं खोड किंवा कातळाची रेघ, नाहीतर सरळ हाताने फोकस करा.

पोलरायझर फिल्टर लोक उन्हाळ्यात निळ्या आभाळासाठी वापरतात. मला विचाराल तर तो पावसाळ्यातच वापरायची वस्तू आहे. ओल्या पानावर आभाळाची पांढरी चकाकी असते, ती त्याने कमी होते आणि खालचा हिरवा वर येतो. उजेड एक ते दोन स्टॉपने घटतो, म्हणजे निम्मा ते पाव उरतो, तेवढं लक्षात ठेवा. चकाकी पूर्ण मारू नका, नाहीतर पान ओलं आहे हेच कळत नाही.

धबधब्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. अर्धा सेकंद, एक सेकंद शटर ठेवून पाणी रेशमासारखं करायची पद्धत सगळीकडे झाली आहे. बारीक, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणाऱ्या पाण्याला ते शोभतं. पण जुलैत माळशेजला किंवा ताम्हिणीत जे पाणी दगड सोडून उडी घेतं त्याचं रेशीम केलं की त्याचा दरारा जातो. तिथे १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा आणि कडेला एखादं झाड येऊ द्या, म्हणजे पाण्याचा आकार कळेल.

शेवटचं, गाडीवाल्यांसाठी. एसीच्या गारव्यातून कॅमेरा एकदम बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा धरते. पोचायच्या वीसेक मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करा, किंवा कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेशी जुळवून घ्यायला वेळ द्या.

फोटो: राजमाचीच्या वाटेवर काजव्यांचं झाड शोधायला गेलो, पाऊस लागला. झाड राहिलं, टपरीतल्या कंदिलासमोरची धार मिळाली.

केळफूल | ११ जून, रात्री ८:३०

सगळं वाचलं. माझं मन थोडं वेगळं सांगतंय, ते लिहिते, राग मानू नये.

मीही रोज एक फोटो केलं होतं, पूर्ण वर्ष. शेवटचे पाच महिने ते ओझं झालं होतं. रात्री साडेअकराला आठवायचं, मग टेबलावरच्या कपाचा, पंख्याचा, चपलांचा फोटो काढायचा आणि झोपायचं. त्यातून छायाचित्रण शिकले असं मला वाटत नाही. पुढे दीड वर्ष कॅमेऱ्याला हात लावावासा वाटला नाही. पावसात एखाद्या दिवशी नुसतं उभं राहून भिजावं, बघावं, असं मला आता वाटतं. रोज काढायचाच म्हटलं की आपण पाऊस बघत नाही, फोटो शोधत बसतो.

पागोळी | ११ जून, रात्री १०:५०

केळफूल, राग कसला? तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मीही त्यातून गेले आहे. गेल्या वर्षी माझे जे तेरा दिवस बुडाले त्यांतल्या बऱ्याच दिवशी पाऊस होता, मीच थकलेली होते. ते दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन फोटो काढले नाहीत. रिकामी जागा तशीच ठेवली.

न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टनबद्दल कदाचित तुम्ही वाचलं असेल. त्याने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला, त्याच्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी, तो आजाराने गेला त्या दिवसापर्यंत हे चाललं. साडेअठरा वर्षं. मित्र, जेवणं, रस्ते, शेवटी दवाखाना. त्यातले कितीतरी फोटो तुमच्या कपासारखेच आहेत. मला त्यातली एक गोष्ट फार शिकवून गेली: दिवसाला एकच फोटो. पोलरॉइडचा कागद महाग, त्यामुळे काढायचा की नाही हे बटण दाबायच्या आधी ठरवावं लागत असणार. आपण शंभर काढतो आणि निवडायचं राहून जातं. मी यंदा ठरवलं आहे की दिवसातून दहाच्या वर बटण दाबायचं नाही. त्याने बघायला वेळ उरतो. बसमध्ये तर बहुतेक वेळ मी नुसतीच बघत असते.

तुम्ही धाग्यावर या, फोटो काढा न काढा. त्या दिवशी पाऊस कसा होता ते दोन ओळीत लिहिलंत तरी मला आवडेल.

घाटमाथा | १६ जून, सकाळी ९:१०

काल कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी. रविवारची गर्दी होती पुलावर. मी तिथून बारा किलोमीटरवर राहतो, गेल्या पावसाळ्यात त्याच पुलावर उभं राहून फोटो काढला आहे. रात्रभर झोप लागली नाही.

या धाग्यावर हे लिहायलाच हवं असं वाटलं. मागच्या वर्षी ३० जूनला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही आठवा. आपण उभे असतो तिथे पाऊस थांबलेला असतो, पण डोंगरावर वर कुठेतरी पडलेला पाऊस अर्ध्या तासाने आपल्या ओढ्यात येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला की त्याच क्षणी ट्रायपॉड सोडून वर निघायचं. ओढ्याच्या मधल्या खडकावर जायचंच नाही. जुन्या साकवावर, पुलावर गर्दी असेल तर पाऊल ठेवायचं नाही. प्रशासनाने बंदी घातलेल्या जागी जायचं नाही, आणि तिथला फोटो कोणी टाकला तर त्याला शाबासकीही द्यायची नाही.

डोंगरवाट | १६ जून, सकाळी ११:३०

प्रत्येक शब्दाशी सहमत. वर मी ताम्हिणीचं नाव घेतलं, तर हेही लिहितो: तिथले माझे सगळे बरे फोटो रस्त्याच्या कडेवरून, लांबच्या भिंगाने काढलेले आहेत. धबधब्याखाली मी कॅमेरा घेऊन कधीच जात नाही.

बावनदी | २९ जून, संध्याकाळी ७:००

आर्द्रा जोरात. काल रेल्वेने रत्नागिरीहून कणकवलीला गेलो. जोराचा पाऊस असला की कोकण रेल्वेवर ताशी ४० किमीपर्यंत वेग कमी करतात, तेव्हा खिडकीतून काढायला ती उत्तम वेळ. तरी रुळाकडेची झाडं फरफटलेली येतात, म्हणून जवळचं सोडून लांबचं काढायचं: खाचरात वाकून लावणी करणारी माणसं, कौलांवर चढलेला धूर. काच बंद असेल तर फोन काचेला चिकटवून धरा, डब्यातल्या दिव्याचं प्रतिबिंब जातं. दारात उभं राहून मात्र कोणीही काढू नये.

फोटो: चिखलात गुडघाभर उभ्या सहा बाया, सगळ्यांची इरली एकाच दिशेला वळलेली. आता इरलं दिसणंही कमी झालंय, निळं प्लास्टिक आलं. हे चित्र मिळालं त्याचा मला खरंच आनंद आहे.

ओली वाट | ३ जुलै, रात्री ९:२०

बावनदी, इरल्यावरून राहवलं नाही. गेल्या वर्षी जुलैत मेघालयात सोहऱ्याला (चेरापुंजी) आठ दिवस होते. तिथे खासी शेतकरी बांबू आणि पानांचं कासवाच्या पाठीसारखं आच्छादन पाठीवर घेऊन वाकून काम करतात, त्याला क्नूप म्हणतात. दोन्ही हात मोकळे राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या वेंगुर्ल्याकडचं मामाचं शेत आठवलं, तीच वीण, तीच वाकलेली पाठ.

प्रवासात रोज फोटो काढायचा तर तिथल्या पावसाची वेळ समजून घ्यावी लागते. सोहऱ्याला पाऊस रात्री आणि पहाटे जास्त कोसळतो. पहिले तीन दिवस मी सवयीने पहाटे पाचला उठून खिडकीतच बसून राहिले. घरमालकीणबाई म्हणाल्या, दुपारी जा. दुपारी ढग दरीतून वर सरकतात आणि दहा-पंधरा मिनिटं पडदा उघडतो. नोहकालिकाईचा धबधबा मला एकूण तेवढाच दिसला, बाकी सगळा वेळ फक्त आवाज. समोर पांढरं धुकं आणि त्यातून पाण्याचा गडगडाट, दीड तास मी कठड्याला टेकून उभी होते. पडदा उघडला तेव्हा फोटो काढले ते सहाच.

पण त्या आठ दिवसांतला सगळ्यात आवडता फोटो धबधब्याचा नाही. मुक्कामाच्या घरात चुलीवर दोरीला वाळत टाकलेले शाळेचे मोजे आहेत, सोळा जोड, धुरात. जिथे कपडे वाळत नाहीत तिथला पाऊस म्हणजे काय ते त्यात आलंय असं मला वाटतं.

अक्षांश | ६ जुलै, दुपारी ३:४५

सामानाची काळजी कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो, कारण मला ती महागात पडली. २०२२ च्या पावसाळ्यात ओली बॅग तशीच कपाटात ठेवली. गणपतीत कॅमेरा काढला तर भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीला नेलं, साफ झालं, पण काचेवरच्या लेपावर डाग कायमचा राहिला. उजेडाकडे कॅमेरा केला की अजून दिसतो.

हवेतली आर्द्रता बराच काळ साठ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावतं, आणि आपल्याकडे चार महिने ती त्याच्या वरच असते. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) परवडत असेल तर उत्तम, नाहीतर फराळाचा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. निळी सिलिका ओल शोषली की गुलाबी होते, मंद आचेवर कोरड्या कढईत किंवा ओव्हनमध्ये तापवली की परत निळी. कढई स्वयंपाकाची वापरू नका, तो निळा रंग पोटात जाण्यासारखा नसतो. बॅग त्या डब्यात ठेवू नका, ती पंख्याखाली वेगळी वाळवा. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला सगळे देतात, त्याचा बारीक पिठूळ भुगा फटींत शिरतो.

आणि रोज फोटो काढणाऱ्यांचं भिंग सहसा खराब होत नाही, हेही पाहिलंय. ते रोज हवेत येतं, पुसलं जातं.

केळफूल | २१ जुलै, रात्री ९:५५

दीड महिना रोज हा धागा वाचत होते. लिहिलं नाही, फोटोही काढला नाही. पागोळीताई म्हणाल्या तसं पाऊस कसा होता ते मात्र वहीत लिहीत गेले, चाळीस ओळी झाल्या. "आज सकाळी सर, दुपारी ऊन, चारला पुन्हा सर." "आज झड, कबुतरं वळचणीत." लिहायचं म्हणून खिडकीशी जायला लागले.

आज पुष्याचा दुसरा दिवस, म्हातारा. बाबांची आरामखुर्ची गॅलरीत आहे, ते गेल्यापासून तिथेच. पाऊस इतका सावकाश पडत होता की पागोळीचा एकेक थेंब मोजता येत होता. खुर्चीच्या हातावर, जिथे त्यांचा चहाचा कप असायचा तिथे, थेंब पडत होते. फोनने काढला. एकच काढला.

पागोळी | २१ जुलै, रात्री १०:१०

केळफूल, तुमचा फोटो मी चार वेळा उघडून पाहिला. त्यात काही बदलू नका, उजळ करू नका.

शेवाळ | २२ जुलै, सकाळी ६:३०

काकांच्या खुर्चीचा फोटो आईला दाखवला. ती काही बोलली नाही, बराच वेळ फोन हातात धरून बसली.

नदीकाठ | १८ ऑगस्ट, दुपारी ४:२०

मघा लागली, पाणी वाढतंय. आम्ही शिरोळ तालुक्यातले. आमच्याकडे पाऊस कमी, पण वरच्या तुमच्या सगळ्या पावसाचं पाणी आमच्याकडे येतं. राजाराम बंधाऱ्यावरचा पंचगंगेच्या पातळीचा आकडा आमच्या घरात रोज विचारला जातो: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला घरात नऊ दिवस पाणी होतं.

त्या वेळी बोटीतून बाहेर पडताना काठावर फोटो काढणारे पुष्कळ उभे होते. माझी आजी नातवाच्या खांद्यावर होती, पदर सावरता येत नव्हता तिला. तो फोटो कोणीतरी काढला, तो फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. ती आता नाही. तो फोटो घरात कोणी ठेवलेला नाही.

तुम्ही सगळे विचारून काढता, हे वाचून बरं वाटलं. म्हणून एवढंच सांगतो, पूर आला की आधी हात द्या. फोटो काढायचाच तर पाण्याच्या खुणेचा काढा, भिंतीवरच्या रेषेचा. आमच्या भिंतीवर २००५ आणि २०१९ अशा दोन रेषा आहेत, मी दर वर्षी मघा नक्षत्रात त्यांचा फोटो काढतो. यंदाचा हा.

घाटमाथा | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

नदीकाठ, मी २०१९ ला सांगलीत मदतीला आलो होतो, आणि मीही काही फोटो काढले होते. आज ते पुन्हा पाहिले. तीन फोटो असे होते की ज्यांत माणसांना विचारलेलं नव्हतं. ते काढून टाकले. लिहिल्याबद्दल तुमचे आभार मानतो.

पागोळी | १९ ऑगस्ट, रात्री १०:३०

दिवसभर नदीकाठ यांचं मनात घोळत होतं. आज मंगळवार, पण गगनबावड्याला गेले नाही. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं तेव्हा एसटी बंद होते, मग अडकून पडायला नको. चिंचेचा फोटो काढला. गेल्या वर्षी मी चिखलात बसलेल्या एका कुटुंबाचा फोटो बसच्या खिडकीतून काढला होता, आणि तो चांगला आला म्हणून खूशही होते. आज त्याच्याखालची ओळ वाचली: गावाचं नाव आहे, नक्षत्र आहे, त्या माणसांबद्दल एक शब्दही नाही. नियमात एक भर घालते. माणूस ओळखू येत असेल तर विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि बस थांबत नसेल तर काढायचाच नाही.

ओली वाट | १४ सप्टेंबर, सकाळी ८:१५

उत्तरा. कासला जाणाऱ्यांसाठी छोटी नोंद: सुट्टीच्या दिवसाचं बुकिंग आधी करा, आणि कातळावर दिसणाऱ्या वाटेवरूनच चाला. फुलांच्या गालिचाचे फोटो सगळेच काढतात. गुडघ्यावर बसून एकच सीतेची आसवं घ्या, पाकळीवरच्या थेंबात मागचं अख्खं पठार उलटं दिसतं. अर्धा तास लागला मला, वारा थांबायची वाट पाहत.

पागोळी | १० ऑक्टोबर, रात्री ११:१५

हस्ताचा शेवटचा दिवस. हत्तीचा पाऊस यंदा थोडा थोडा भेटला, कडकडाट करत यायचा आणि अर्ध्या तासात ऊन.

आज साळवणला डॉक्टरांकडचं काम लवकर संपलं. बसला वेळ होता. जवळच्या शाळेत हादगा चालला होता. मैदान ओलं म्हणून मुलींनी व्हरांड्यातच फेर धरला होता, मधे पाटावर रंगीत खडूने काढलेला हत्ती, त्याला झेंडूची आणि भोपळ्याच्या फुलांची माळ. बाईंना विचारलं, त्यांनी मुलींना विचारलं, मुलींनी आधी खिरापत ओळखायची अट घातली. मला ओळखता आली नाही, तरी त्यांनी हो म्हटलं. तेवढ्यात सर आली. मुलींच्या मागे व्हरांड्याच्या पन्हाळीतून पाणी कोसळायला लागलं, त्याच्या पलीकडे पश्चिमेचं ऊन. डोंगरवाट, मागून प्रकाश म्हणजे काय ते आज पूर्ण कळलं. १/६० वर पावसाच्या रेघा आल्या, फिरणाऱ्या मुली थोड्या हलल्या, हत्ती मात्र जागेवर स्थिर. चार वेळा बटण दाबलं.

खिरापत खोबरं आणि खारकेची होती.

१२५ पैकी ११९. सहा रिकाम्या जागा तशाच ठेवल्या आहेत. पुढच्या मंगळवारी त्या शाळेत फोटोची प्रत द्यायची आहे, बावीस मुली होत्या, बावीस प्रती काढून घेते.

बावनदी | १० ऑक्टोबर, रात्री ११:४०

१०३. भात पिवळं झालं, कापणी सुरू. आता आठ दिवस फोटो नाही, शेतात हात हवेत.

केळफूल | ११ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

चित्रा लागली. पाऊस नव्हता, गॅलरीत ऊन आलं होतं. खुर्ची पुसून आत घेतली. वहीत ओळ लिहिली, आणि फोटोही काढला.